आगगाडीच्या मधोमध

ओहायोतल्या वनस्पती उद्यानात नाताळाला मोठ्या टेबलावर गोलाकार खेळण्यातली आगगाडी मांडतात. ती चालवायला ऑर्विल हुडाक हौसेनं मधोमध उभा राहायचा. भोवती झाडांच्या सालींची घरं, पूल, बोगदे. मध्ये एका माणसापुरती जागा. आत-बाहेर करायचं ते टेबलाखालून रांगत.

आज सकाळी आत शिरून उभा राहताना त्याचा गुडघा धरला, तो पुन्हा वाकेना. तरी दिवसभर त्यानं शिट्ट्या वाजवल्या, पोरांना टोपी उंचावून सलाम केले. कुणालाही हाक मारता आली असती. पण नाताळासाठी आलेली मुलगी जनीन न्यायला येणार होती, तिला कळलं असतं. गुडघे गेले की घर विकून ॲरिझोनात माझ्याकडे, असं तिनं बजावलं होतं.

"डॅडी, चला. सगळे गेले."

"एक फेरी राहिलीय."

"मघापासून तीच राहिलीय!"

"इंजिन तापलंय गं."

"मग बंद करा ना!"

त्यानं पुन्हा शिट्टी वाजवली. उद्यानातले दिवे विझू लागले.

जनीननं कोट काढला आणि ती टेबलाखाली शिरली. त्याला खेटून वर येताच तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"कधीपासून?"

"सकाळपासून." मग तो हळूच म्हणाला, "खरं म्हणजे गेल्या नाताळापासून. मला घर विकायचं नाही गं."

"माहितीय. म्हणून तर दिवसभर उभे राहिलात." तिचा आवाज मऊ झाला. "माझ्या खांद्याला धरून खाली टेका, पाय पसरा. मी ओढते."

टेबलाच्या फळ्यांखालून पाठीवर सरपटताना ऑर्विलला कळलं, आपलं घर गेलं.