आंबाडीचा घास

हे आजवर माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. सुजाताने तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण माझी पत्रकं कदाचित तुमच्या हातात पडली असतील. एका पंगतीत जेवल्याशिवाय समता येत नाही, असं मी लिहिलं होतं. तलमडुगुच्या बाजारात उभी राहून ती पत्रकं वाटलीही होती. लिहिलं ते खरं होतं. लिहिणारी —

तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

आमचं घर कापूस-ज्वारी पिकवणाऱ्यांचं. बाबा सभांमधून पत्रकं आणायचे, मी वाचायला शिकले ती त्यांवरच. आणि त्याच घरात, पडवीच्या कोनाड्यात, मजुरांसाठी वेगळा पेला असायचा. आईशी भांडून तो मी फेकून दिला. केवढा अभिमान वाटला होता! म्हणजे आता त्या पेल्याला दोष द्यायची सोयही उरली नाही.

सुजाता माझी कॉलेजातली मैत्रीण. घर बौद्ध वस्तीत. तिची आई — मी त्यांना मावशी म्हणते — पूर्वी आमच्याच शेतात निंदायला यायच्या. पत्रकं वाटून झाली त्या दुपारी सुजाता मला घरी जेवायला घेऊन गेली. मावशींनी भाकर आणि आंबाडीची भाजी वाढली. मटण नव्हतं, हे नीट ऐका. आंबाडी आमच्याच बांधावरची, मावशींनी खुडून आणलेली. मी घरी खाते तीच.

पहिला घास तोंडात घेतला आणि तो खाली जाईना.

का? भाजी चांगली झाली होती. घर आमच्यापेक्षा स्वच्छ. मी मनात माझीच वाक्यं म्हणत होते, आणि घास — घास तोंडातच. मायलेकी आत गेल्या तेव्हा मी घास रुमालात घेतला. मग ताटातलं उरलेलंही.

"आवडली वाटते बाईले," रिकामं ताट पाहून मावशी म्हणाल्या, आणि पुन्हा वाढायला वाकल्या. मी पोट दुखतं म्हणाले.

मग दर वेळी काहीतरी निमित्त. पोट, डोकं. एकदा तर चतुर्थी — उपासांविरुद्ध लिहिणारी मी! सुजाता हसायची. "काऊन वं, आमच्या गल्लीत आलं का तुह्यं पोट बिघडते? एक दवाखानाच बांधा लागते इथं." मावशी हसायच्या नाहीत.

घरी मुद्दाम आंबाडी करायला लावली. सहज गेली, पोटभर. चीड येते ती याचीच. ज्याच्याविरुद्ध मी बाजारात ओरडते, ते माझ्याच गळ्यात बसलं आहे. आणि त्याला वाचता येत नाही. कितीही पत्रकं लिहा.

मागच्या महिन्यात वस्तीत सहभोजन होतं. भाषण माझं. टाळ्याही पडल्या. मग पंगत बसली, मावशी वाढत आल्या. सगळ्यांपुढे ताटं. माझ्यापुढे त्यांनी बिस्किटांचा पुडा ठेवला, दुकानातून आणलेला.

"घे बाई," त्या हळूच म्हणाल्या, शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही असं. "बंद हाये."

मला भूक लागली होती. मी पुडा फोडला आणि सगळी बिस्किटं खाल्ली.