एका गाडीची तीन पोस्टरं

गेल्या उन्हाळ्यात मी एकाच कार्यक्रमाची तीन पोस्टरं केली. एक इंग्रजांसाठी, एक मराठी मंडळासाठी, एक विहारातल्या आपल्या माणसांसाठी. गाडी एक, गाणारी बाई एक. त्या पोस्टरांचा मला अजून संताप येतो. करणारा मीच होतो, त्यामुळे काढायचा तर तो पहिल्यांदा माझ्यावरच काढावा लागतो. पण उरलेला वाटून टाकायला मला हल्ली लाज वाटत नाही.

कॉव्हेंट्रीपासून मोटारीने तासाभरावर रेल्वेची एक ब्रँच लाइन आहे. सरकारने बंद केली, ती गावातल्या हौशी लोकांनी उचलली. वाफेचं एक इंजिन, एक डिझेल, थोडे जुने डबे आणि दोन टोकांना दोन स्टेशनं. पगार कुणालाच नाही. तिकीट तपासायला निवृत्त दंतवैद्य, गार्ड म्हणून एक माजी हेडमास्तर. दर शनिवारी ट्रॅकची गँग निघते. साठी-सत्तरीचे म्हातारे केशरी जाकिटं घालून रुळांखालचे सडलेले स्लीपर उपसतात, खडी भरतात आणि मग कंबर धरून चहा पितात. मी आठवडाभर सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. मुलगी युनिव्हर्सिटीला गेली आणि घरात रविवार खायला उठला, तेव्हा इथे डब्यांना रंग लावायला यायला लागलो. कुणाला तरी कळलं की मला कॉम्प्युटरवर डिझाइन जमतं. पब्लिसिटी गळ्यात पडली.

नुसत्या इंजिनावर गाडी भरत नाही. म्हणून उन्हाळ्यात म्युझिक ट्रेन. कधी जॅझ, कधी फोक, कधी ब्रास बँड. वाजवणारे मधल्या डब्यात, ऐकणारे आजूबाजूला बिअर घेऊन. मी पोस्टर लॅमिनेट करायचो, केबल टायने कुंपणांना बांधायचो, लायब्ररीत, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये, चिप्सच्या दुकानात ठेवून यायचो. आणि मला ते फार चांगलं जमायचं. कुणापुढे काय म्हटलं की तो येईल, हे मला माणूस बघून कळतं. हा गुण मी इथे नाही शिकलो. तो मी मराठी मंडळात शिकलो.

माझं आडनाव गावावरून पडलेलं. त्यावरून कुणाला जातीचा पत्ता लागत नाही. मंडळातले लोक पहिल्या भेटीत विचारतात, "मूळचे कुठले?" मी म्हणायचो, "पुण्याचा." "पुण्यात कुठे?" यालाही माझं उत्तर तयार असायचं, आणि ते खोटं असायचं. गणपतीला आरतीत उभा राहायचो, दिवाळीच्या फराळाची पत्रकं करायचो. रविवारी सकाळी विहारात आणि संध्याकाळी मंडळात, अशी माझी कित्येक वर्षं गेली. कुणी मला तोंडावर वाईट बोललं नाही. बोलायला मी जागाच ठेवली नव्हती.

आता ताई. सख्ख्या नाहीत. मी या देशात आलो तेव्हा बर्मिंगहॅमला त्यांच्या मागच्या खोलीत राहिलो. हॉस्पिटलात नर्स होत्या, आता निवृत्त. विहारात वंदना झाली की पेटी पुढे ओढतात आणि भीमगीतं म्हणतात. त्यांचे वडील मनमाडला रेल्वेत गँगमन होते आणि रात्री गायन पार्टी चालवायचे. जयंतीच्या स्टेजवरची गाणी स्वतः रचायचे. छापलेलं काहीच नाही. सगळं ताईंच्या गळ्यात.

त्या गळ्यातच गाठ निघाली. थायरॉइडची. साधीच होती, पण काढावी लागणार होती, आणि सर्जनने सांगितलं होतं की आवाजाची नस अगदी चिकटून जाते, नंतर आवाज बदलू शकतो. ताईंनी मला फोन केला.

"तुझ्या त्या गाडीत एकदा गाऊ दे रे मला. ऑपरेशनच्या आधी."

"विहारात गाताच की, ताई."

"विहारात सगळे आपलेच. मी खोकले तरी टाळ्या वाजवतील. बापाचं रुळाचं गाणं मला एकदा परक्यांपुढं म्हणायचंय. रेल्वेवर म्हणायचंय. नंतर आवाज राहील, न राहील."

रुळाचं गाणं मी त्यांच्या स्वयंपाकघरात इतक्या वेळा ऐकलं होतं की ते भांड्यांच्या आवाजासारखं झालं होतं:

रूळ टाकला बापानं माझ्या, गाडीत बसलं कोण?
खडी फोडली आईनं माझ्या, गादीवर बसलं कोण?

आणि मागे कोरस, "कोण? कोण?"

मी त्यांना रन-राउंडचं सांगितलं. शेवटच्या स्टेशनावर इंजिन सुटतं, बाजूच्या रुळावरून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जातं आणि तिथे जोडलं जातं, कारण परतताना ते पुढे हवं. तेवढा वेळ सगळे प्लॅटफॉर्मवर उतरतात. चाकांची खडखड नसते. गाणं नीट ऐकू येतं ते तेवढ्यातच. मुरलेले बँडवाले आपलं सगळ्यात चांगलं गाणं तिथेच राखून ठेवतात. ताई म्हणाल्या, "मग तिथंच म्हणीन."

लाइनच्या कमिटीची बैठक स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये. चेअरमन म्हणजे ट्रॅकच्या गँगचाच मुकादम, आडदांड म्हातारा. तो म्हणाला, "बॉलिवूड आहे ना? लोकांना ते माहीत असतं. फक्त धर्म नको आणि राजकारण नको, आपला नेहमीचा नियम." मी म्हटलं, हो, बॉलिवूडच. पहिलं पोस्टर असं झालं: धुराचा लोट आणि एक ठुमकणारी बाई, जिचा ताईंशी काडीचा संबंध नव्हता. मंडळाच्या ग्रुपवर टाकलं ते दुसरं, "लोकसंगीताची आगगाडी – लावणी, कोळीगीतं, भारूड." विहाराच्या ग्रुपवर तिसरं, निळं, "भीमगीतांची रेल्वे." सगळी तिकिटं खपली. कमिटीने माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मीही मनात वाजवल्या.

तीन पोस्टरांची माणसं एकाच प्लॅटफॉर्मवर येणार, हे मला सुचलं नसेल का? सुचलं होतं. वाटलं, निभेल. आजवर निभलं होतं.

त्या दुपारी विहारातली मंडळी निळे झेंडे घेऊन उतरली आणि लांबूनच मोठ्याने म्हणाली, "जयभीम, भाऊ!" माझ्या शेजारी मंडळाचा सेक्रेटरी उभा होता. बर्मिंगहॅमला बँकेत असतो, माझा मित्र. माझ्या घरी जेवलेला, मी त्याच्या घरी जेवलेला. मी हात वर केला आणि म्हणालो, "हाय, हाय."

हे लिहायला मला वर्ष लागलं.

"यांना ओळखतोस तू?" त्याने विचारलं.

"बुकिंगमुळे," मी म्हटलं.

जाताना ताईंनी दोन जुनी हिंदी गाणी म्हटली, गळा मोकळा करायला. ढोलकीवर विहारातलेच एक टॅक्सीवाले. गाडी शेवटच्या स्टेशनाला लागली, इंजिन सुटलं. ताईंची पेटी सामानाच्या ढकलगाडीवर ठेवली होती. लोक भोवती गोळा व्हायला लागले तेवढ्यात सेक्रेटरीने मला कोपराला धरून बाजूला घेतलं.

"अरे, ही बाई भीमगीतं म्हणणार म्हणे. तू तर लावणी लिहिलं होतंस."

"हो, पण—"

"मला काही प्रॉब्लेम नाही रे. मी स्वतः कास्ट-बिस्ट मानत नाही. पण फॅमिलीज आल्यात. संडेला कशाला ते सगळं? काहीतरी लाइट घे म्हणावं तिला."

मानत नाही! ज्याला कधी काही सोसावं लागलं नाही त्याला न मानणं किती स्वस्तात पडतं. कास्ट गाण्यात आली की याचा रविवार नासतो. आमचे किती नासले, त्याचं काय? हे मी त्याला म्हणालो असं वाचणाऱ्याला वाटेल. नाही म्हणालो. मी मान डोलावली आणि ताईंकडे गेलो.

"ताई, रुळाचं आज राहू द्या. पब्लिक मिक्स आहे."

"मिक्स म्हणजे?"

"कमिटीचा नियम आहे. पॉलिटिकल चालत नाही."

कमिटीला त्या गाण्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. ताईंनी माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. सेक्रेटरी हाताची घडी घालून उभा होता.

"तू कुणाला भितोस ते सांग. कमिटीला की त्याला?"

मी केबल टायचा गठ्ठा खिशात चाचपत राहिलो.

"बरं," ताई म्हणाल्या. "घर तुझं. पाहुण्यानं काय गायचं ते घरवाल्यानं सांगावं."

आणि त्यांनी चांदण्यावरचं एक सिनेमातलं गाणं म्हटलं. काय म्हटलं! वरचा सूर असा लागला की इंजिनाजवळचा फायरमन फावडं टेकून वळून बघायला लागला. इंग्रज नाचले. सेक्रेटरीने व्हिडिओ काढला. विहारातल्या लोकांनी झेंडे खाली घेतले होते. मग इंजिन येऊन लागलं, शिट्टी झाली, सगळे डब्यात चढले. परतीच्या वाटेवर ताई बंद पेटी मांडीवर घेऊन खिडकीला बसल्या होत्या. मी पाणी देऊ का विचारलं. "नको," म्हणाल्या. त्यांना मी थांबवलं नसतं तर त्यांनी ते गाणं म्हटलंच असतं, आणि सगळ्यांसमोर माझा हात झिडकारून म्हटलं असतं तरी त्यांना कोण अडवणार होतं? त्यांनी माझी अब्रू राखली. जिची राखायची ती मी राखली नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. ताई बोलतात, खोकतात, फोनवर रागावतात. वरचा सूर मात्र गेला. तिथपर्यंत आवाज चढतो आणि वाळल्या काडीसारखा तुटतो. त्यांनी मला हे नर्सने रिपोर्ट सांगावा तसं सांगितलं.

थंडीत एका शनिवारी गँगचा चहा चालला होता. चेअरमनने विचारलं, "ती बाई येणार ना पुन्हा? काय गळा!" माझ्या तोंडून निघून गेलं, की त्यांचे वडील गँगमन होते, रुळांवर त्यांचं एक गाणं आहे. त्याने कप खाली ठेवला.

"मग ते का नाही गायली?"

"तुम्हाला राजकारण नको असतं." मी दोन ओळींचा अर्थ सांगितला.

"हे राजकारण?" म्हातारा लाल झाला. "मी उभा जन्म रूळ टाकले. फर्स्ट क्लासमध्ये मला कोण बसू देत होतं? या गाण्यासाठी इथले सगळे पावसात उभे राहिले असते! आणि तू माझा नियम पुढे केलास? माझा?"

परक्यांपुढं म्हणायचंय, असं ताई म्हणाल्या होत्या. ही गँग म्हणजे ते परके. उन्हात पाठ भाजून घेतलेले, बोटं चेंगरलेले. ते त्या दिवशी तिथेच, चार पावलांवर, बिअर घेऊन उभे होते.

या वर्षी मी एकच पोस्टर केलं. "भीमगीतं आणि रुळांची गाणी." तेच इंग्रजीत, तेच मराठीत, तिन्हीकडे. खाली आयोजक म्हणून माझं नाव आणि पुण्यातली माझी वस्ती, खरी. संध्याकाळी सेक्रेटरीचा फोन.

"अरे, तूपण? इतकी वर्षं बोलला नाहीस लेका! आम्ही काय खाल्लं असतं तुला?"

"नसतं खाल्लं. लाइट घे म्हणाला असतास."

"घरी जेवलोय मी तुझ्या."

"माहीत नव्हतं म्हणून जेवलास का, ते मला अजून माहीत नाही. तुला माहीत असलं तर सांग."

तो म्हणाला, मीटिंग आहे. त्याने मंडळाच्या ग्रुपवरून पोस्टर काढलं नाही. तिकीटही काढलं नाही.

ताईंचा फोन मी स्टेशनवर कुंपणाला पोस्टर बांधत असताना आला.

"बघितलं. आवाज गेल्यावर जाहिरात आली होय रे?"

मी केबल टाय ओढून घट्ट केला.

"गाणार कोण?"

"तुम्ही पेटीवर बसलात तर... मी म्हणतो."

"तू? लहानपणी कोरसमध्ये तरी उभा राहिलायस का कधी?"

"राहिलोय."

"म्हण."

प्लॅटफॉर्मच्या टोकाला गँग स्लीपर उतरवत होती. मी हळूच पहिलं कडवं म्हटलं.

"ऐकू येत नाही. तिथं कुणी आहे का?"

"आहेत."

"मग त्यांना ऐकू जाऊ दे."

मी आवाज वाढवला. म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. दुसऱ्या कडव्याला अडलो. इतकी वर्षं त्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यायलो होतो, आणि मला पुढचे शब्द येत नव्हते. ताईंनी फोनवर ओळ उचलली. वरच्या सुरावर गेल्या आणि आवाज तुटला. मीही तिथेच थांबलो.

"तू कशाला थांबलास?" त्या खेकसल्या. "माझा गेलाय. तुझा आहे ना? म्हण, गाडीत बसलं कोण? म्हण!"