दादाच्या ज्वारीतली पाखरं

हे मी आजवर एक माणूस सोडून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना नाही, आणि देवापुढेसुद्धा – हसू नका – आडवळणानंच. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचं तोंड मला दिसत नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणानं झाली!

मी पाळक आहे. सेनगावच्या बाजूला आमचं गाव, पत्र्याचं छोटं चर्च, तीसेक घरांची मंडळी. पवित्र शास्त्र शिकायला गावाबाहेर गेलेला पहिला माणूस मीच, त्यामुळं चार वर्षांनी परतलो ते नाक वर करूनच. एखादं वचन लोकांना टोचायला लागलं की मी ‘त्या काळची प्रथा’ काढायचो. प्रथा ठाऊक नसली तर? तर रचायचो! कोण तपासणार होतं? साहेब लई शिकलेले, असं लोक म्हणायचे, आणि मला ते फार गोड लागायचं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शाळा चौथीपर्यंत. एका रविवारी तो साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आपला अनुभव सांगायला, उभा राहिला. पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, तरी स्वर्गातला बाप त्यांना खाऊ घालतो, हे वचन त्यानं ऐकलं होतं. दादा म्हणाला, “बाप काय वरून टाकत न्हाई. कुणाच्या तरी शेतातूनच घालत आसंल ना? म्हून मी ज्वारीच्या चार ओळी सोडल्या. तिथं गोफण मारत न्हाई.”

आणि खाली बसला. एवढीच साक्ष.

मी काय केलं? चारचौघांत, उपदेशाच्या जागेवरून म्हणालो – “आमच्या दादानं चिमण्यांची खानावळ काढलीय!” मंडळी खो-खो हसली. मग त्या वचनाचा खरा अर्थ मी अर्धा तास समजावला. आज त्यातलं एक अक्षर आठवत नाही. चार ओळी मात्र आठवतात.

पुढच्या रविवारी दादा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. लोक विचारू लागले, काहून येत न्हाई? तेव्हा मी – कसं सांगू – चेहरा पाडून म्हणालो, “दादाचा विश्वास ढळलाय. प्रार्थना करा.”

मी त्याची टिंगल केली म्हणून तो येत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी बारा वर्षं मंडळी त्याच्या विश्वासासाठी प्रार्थना करून राहिली. म्हाताऱ्या बाया डोळ्यांत पाणी आणायच्या, आणि त्या प्रार्थना सुरू करून द्यायचो मीच. याला काय म्हणाल तुम्ही? मी तर नीचपणा म्हणतो.

मग तीन वर्षांमागचा सुगीचा सण आला. त्या दिवशी आमच्याकडं लोक हळद, तूर, कोंबडी, जे पिकलं ते वेदीपुढं आणतात. मी वचन वाचलं. दान आणताना भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, या अर्थाचं. हे निवडलं कसं मी? निवडलं नाही, कुठल्या रविवारी काय वाचायचं त्याचा छापील तक्ता असतो, त्यात होतं. मी लगेच प्रथा काढली. शास्त्रातल्या त्या देशात वेदी गावापासून फार लांब असायची, म्हणून हे मनातल्या मनात करायचं, वगैरे.

तेवढ्यात रूथाबाई उठली. ही हळद निवडायला रोजानं जाते, वाचता येत नाही. हळदीची टोपली मधेच ठेवली आणि चालती झाली. मला वाटलं, चक्कर आली असेल. थोड्या वेळानं ती जावेचा हात धरून आत! नळावरनं वर्षभर अबोला होता दोघींचा.

मी गडबडून विचारलं, “बाई, पुरा उपदेश तरी ऐकायचा?”

“तुमी वाचलं तव्हाच उठले साहेब. फुडं काय बोलले ते कानावर घेतलं न्हाई.”

काय सांगू! चार वर्षांचं शिक्षण एका बाईनं एका वाक्यात आडवं केलं, आणि मला राग नाही, आनंद झाला. इतका की मी झगा न काढता तसाच दादाच्या शेताकडं पळालो.

दादा तूर सोंगत होता. मी सगळं बोललो – टिंगल, आणि ते खोटंही. तो विळा ठेवून म्हणाला, “ठाव हाय मला. माझं जाऊ दे बापू. पन माझ्या पोरीला बाया इचारतात, तुझा बाप देवाला मानत न्हाई का म्हून. तेवढं मंडळीत सांग.”

“व्हय दादा, आजच सांगतो.”

आम्ही दोघं दारात दिसलो आणि चर्च उसळलं! ढोलकी, टाळ्या, बाया रडून राहिल्या. दादाचा आवाज बारा वर्षांनी गाण्यात मिसळला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा दिवस. म्हातारे पंच ओरडले, “पाळकसाहेबांनी हरवलेला इश्वासी परत आणला!” त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला. आणि मी – मी तो घालून घेतला.

दादानं एकदा माझ्याकडं पाहिलं. पुन्हा गाऊ लागला.

तेव्हापासून तो दर रविवारी पहिल्या बाकावर असतो. मला कधी काही विचारलेलं नाही. त्याच्या पोरीला अजूनही सांगतात, तुझ्या काकानं तुझ्या बापाला देवाकडं आणलं.

येत्या रविवारी ती पोरगी बापाशेजारी बसलेली असेल. मी उपदेश लिहिलेला नाही. उभा राहून एवढंच म्हणणार आहे, आणि समजावून काही सांगणार नाही – माझ्या भावाचा विश्वास एक दिवसही ढळला नव्हता, मी तुमच्याशी खोटं बोललो.