राजा जेवायला का बसला

बायबलमधल्या एका राजाचे माझ्यावर उपकार आहेत, तेही उशिरा लक्षात आलेले. भिवंडीत, टेमघरच्या आमच्या घरी शुक्रवारी बायकांची प्रार्थना असते. गेल्या महिन्यात बोलायची पाळी माझी होती आणि वाट्याला त्या राजाची गोष्ट आली. बाळ आजारी असताना तो अन्नपाणी सोडून जमिनीवर पडून देवाला विनवतो. बाळ गेल्याचं कळताच उठतो, अंघोळ करतो, देवाच्या घरी जातो आणि घरी येऊन जेवायला मागतो. चाकर चक्रावून जातात.

या गोष्टीला मी नेहमी बगल देत आले. कारण आईला मी असंच करताना पाहिलं होतं.

मी आठ वर्षांची असताना धाकटा भाऊ तापाने गेला. त्याच्या आजारपणात आईने उपवास धरून गुडघे टेकले होते. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी आणतात. त्याला कडू घास म्हणतात. घरच्यांनी नको म्हणायचं, मग कुणीतरी बळेच भरवायचं. आई मात्र दफनाहून येऊन अंघोळ करून, केस विंचरून ताटावर बसली आणि कुणी आग्रह करायच्या आत तिने स्वतःच्या हाताने घास घेतला. शेजारच्या काकू पुटपुटल्या, "पोर गेला, न हिला काय वाटतच न्हाय." मलाही तसंच वाटलं. ती अढी मी चाळीस वर्षं जपली. असल्या गोष्टी जपण्यात मी पटाईत आहे.

प्रार्थनेत मी पुस्तकी अर्थ सांगितला: बाळ होतं तोवर राजाने मागितलं, गेल्यावर देवाची इच्छा मानली. बायकांनी माना डोलावल्या. त्या गेल्यावर सतरंजी घडी करताना मी आईला विचारलंच, "तूही देवाची इच्छा मानलीस म्हणून जेवलीस का गं?"

"कसली इच्छा," आई म्हणाली. "वर्षभर मी देवाशी धड बोलले नाही. दोन दिवस तू तोंडात काही घेतलं नव्हतंस. मी जेवले तरच जेवणार म्हणून अडून बसली होतीस."

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. "मग तुला गेला घास?"

"गेला कुठला. तुझं पोट भरल्यावर मोरीत जाऊन सगळं ओकले."

मी तिचे दोन्ही हात धरले आणि तिचे आभार मानले. आईचे आभार मानायची आमच्या घरात सवय नाही. ती गडबडली, पण हात तिने सोडवून घेतले नाहीत.