वेबसाइटवरची अनाथ मुलगी

नांदेडला विद्यापीठात मी ग्रंथालयशास्त्र शिकत होते, तेव्हा आमच्या मॅडमनी प्रत्येकाला एकेका प्रकारच्या वेबसाइट वाटून दिल्या. कुणाला सरकारी, कुणाला वर्तमानपत्रांच्या. मला म्हणाल्या, "तू लातूरकडची ना? मग कोचिंग क्लासेस घे." साइट कुणी काढली, कशासाठी काढली, माहिती कधीची आहे, तिला पुरावा काय, हे तपासायचं आणि त्या साइटवर कितपत विश्वास ठेवावा ते कारणांसह लिहायचं, एवढं काम.

त्या काळात लातूरला पोरं लांबलांबून शिकायला येत. गल्लीगल्लीत क्लास आणि खांबाखांबावर गुणवंतांचे फोटो. वेबसाइट मात्र थोड्यांचीच होती, म्हणून ज्याची साइट तो क्लास मोठा, असा पालकांचा समज.

लॅबमधलं इंटरनेट इतकं संथ की फोटो वरून खाली पट्टीपट्टीनं उघडायचा. एका क्लासच्या 'आमची सामाजिक बांधिलकी' या पानावर आधी पत्र्याचं शेड दिसलं. मग पिंजारलेले केस. मग कपाळावरची खोक. मी खुर्चीत पुढे सरकले. मग डोळे दिसले.

शेजारची मैत्रीण म्हणाली, "अगं, ही तुझ्यासारखी दिसून राहिली की."

"मीच हाय ती," मी म्हणाले.

फोटोखाली लिहिलं होतं: भूकंपात आई-वडील गमावलेली चिमुकली. सरांनी तिला दत्तक घेऊन शिकवलं. आज ती डॉक्टर आहे.

औसा तालुक्यातल्या आमच्या गावात त्या पहाटे माझे वडील गेले, एवढंच त्यात खरं होतं. आई जिवंत होती. तिनंच मला दगडमातीतून ओढून काढलं होतं. आधी मजुरी करून आणि नंतर अंगणवाडीत खिचडी शिजवून तीच मला शिकवत होती.

फोटो मला चांगला आठवत होता. आम्ही शेडात राहत असताना लातूरचे एक तरुण सर मदतीची गाडी घेऊन आले. त्यांच्याकडे लाल फ्रॉक होता. तो मला घातला. कॅमेऱ्याला भिऊन मी रडायला लागले म्हणून आई जवळ येऊन उभी राहिली. सर म्हणाले, "बाई, तुम्ही बाजूला सरका, फोटोत येताय." आई सरकली, पण तिनं माझ्या खांद्यावरचा हात काढला नाही. फोटो निघाला आणि लगेच माझ्या अंगातला फ्रॉक उतरवून त्यांनी तो पुढच्या मुलीला घातला. सगळ्यांसमोर मी उघडी उभी राहिले. आईनं मला पदरात घेतलं.

त्या सरांचाच आता क्लास होता. मला संताप आला, आणि संतापापेक्षा जास्त असं वाटलं की या माणसाला आता सोडायचं नाही.

मी रागाच्या भरात लिहिलेलं पहिलं टिपण मॅडमनी वाचून परत दिलं. "यात शिव्याच आहेत," त्या म्हणाल्या. "ते म्हणतील, पोरगी चिडलीय. असं लिही की त्यांना काही म्हणताच येऊ नये."

मग मी साळसूद झाले. पानाची छापील प्रत काढून ठेवली. संशोधक विद्यार्थिनी म्हणून क्लासला ईमेल पाठवला: त्या डॉक्टरताईंचं शिक्षण कुठं झालं, त्यांना भेटता येईल का? उत्तर आलं. गोपनीयतेमुळे नाव सांगता येत नाही, पण ताई दरवर्षी सरांना राखी बांधायला येतात. मी तेही छापून घेतलं. ते वाचून मला हसू आलं. शिकारीनं आपल्या पायानं जाळ्यात यावं, तसं वाटलं.

सुट्टीत घरी गेले आणि आईला सगळं वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली.

"मला मारलं व्हय त्यानं?"

"हाव."

"अन् तुला डागतर केलं?"

"हाव."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मला त्याच्याम्होरं घेऊन चल. लोकं असतील तवा."

लोक जमणारच होते. प्रवेश सुरू व्हायच्या आधी क्लासनं लातुरात पालक मेळावा ठेवला. हॉल भरला होता. रेणापूर, अहमदपूर, पार देगलूरकडचे पालक पोरांना घेऊन आले होते. आम्ही मध्यावर बसलो. सर आता जाड झाले होते, केस काळे केले होते. मोठ्या पडद्यावर वेबसाइट दाखवत ते म्हणाले, "भूकंपानं मला सेवा शिकवली," आणि पडद्यावर मी आले. हॉल हळहळला.

आई उभी राहिली. "सर, एक इचारू का?"

"विचारा की, मावशी."

"पोरीच्या खांद्यावर हात कुणाचा हाय?"

सरांनी वळून पाहिलं. पडदा एवढा मोठा होता की मनगटावरचं गोंदण स्वच्छ दिसत होतं. आईनं बांगड्या मागे सारून हात वर केला. तेच गोंदण. "म्या तिची आई. म्या मेले न्हाई. अन् ही माझी पोरगी. डागतर न्हाई, नांदेडला शिकती. तुमी तिला कवा शिकिवलं?"

मला वाटलं, पडला. पण माणूस मुरलेला होता. तो धावत खाली आला, डोळ्यांत पाणी आणून आईच्या पायांकडे वाकला आणि माइकमध्ये म्हणाला, "माउली जिवंत आहे! आज माझं जीवन धन्य झालं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनं पाय मागे घेतले, पण ती काय बोलत होती ते टाळ्यांत बुडालं. कार्यकर्त्यांनी आम्हाला गोड बोलत बाहेर नेलं.

परतीच्या एसटीत आई खिडकीकडे तोंड करून बसली.

काही दिवसांनी साइट पुन्हा उघडली. नवा फोटो होता: आईच्या पायांशी वाकलेले सर. खाली मजकूर: भूकंपात ताटातूट झालेल्या माय-लेकींची सरांच्या अथक प्रयत्नांनी भेट.

तो मजकूर वाचून मला खरा आनंद झाला. एक खोटं असतं तर चूक म्हणून सुटलं असतं. आता दोन होती, एकमेकांना खोटं पाडणारी, आणि दोन्ही त्याच्याच साइटवर. मी दोन्ही पानं आणि राखीचा ईमेल शेजारी शेजारी लावून अहवाल पूर्ण केला. त्यात एकही कडक शब्द नव्हता. मॅडमनी तो सगळ्या वर्गापुढे वाचायला लावला. वर्गातल्या एकाचा भाऊ लातूरच्या दैनिकात होता. त्यानं आमच्या परवानगीनं दोन्ही पानं जशीच्या तशी छापली, आईच्या मुलाखतीसह, ऐन प्रवेशाच्या आठवड्यात.

सरांचा फोन हॉस्टेलवर आला. "बेटा, गैरसमज झालाय. आमच्या लायब्ररीत तुला नोकरी देतो, मग तर झालं?"

"नोकरी नको," मी म्हणाले. "पहिल्या पानावर लिहा, मुलीची आई जिवंत आहे आणि तिला आम्ही शिकवलं नाही. प्रवेश संपेपर्यंत ठेवा. न्हाईतर फ्रॉकची गोष्ट अजून छापायची राहिलीय."

सर म्हणाले, "तुझं मन लई कठोर आहे."

"हाव, सर."

त्यांनी लिहिलं. त्या वर्षी त्यांच्या क्लासात पोरं कमी आली. क्लास बंद पडला नाही, पडावा असं मात्र मला फार वाटत होतं.

पुढे मी एका तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल झाले. एकदा स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे म्हणून तेच सर आले. मी मुद्दाम पहिल्या रांगेत, त्यांच्या बरोबर समोर बसले. त्यांनी मला पाहिलं. हातातल्या भाषणाची काही पानं त्यांनी न वाचताच उलटली. जिद्दीवर बोलले, मोबाइलच्या दुष्परिणामांवर बोलले, पाणी प्यायले, पुन्हा जिद्दीवर आले. भूकंपाचा शब्द त्यांनी काढला नाही. ते खाली बसेपर्यंत मी त्यांच्यावरची नजर हलवली नाही.