अण्णांच्या पायाखालची दिल्ली

दिल्लीला जायचं ठरलं ते तीन प्रश्नांच्या एका फॉर्ममुळे. नोएडातली एक कंपनी शाळांसाठी संगणकावरचे धडे तयार करते, मराठीतूनसुद्धा. फोनवर मुलाखत झाली, निवड झाली आणि पत्रासोबत हा फॉर्म आला. नव्या जागेची ओळख तुम्ही कशी करून घेता? नवी गोष्ट कशी शिकता? आणि एखादी गोष्ट आपली म्हणून पक्की करायला तुम्हाला काय लागतं?

पहिली दोन उत्तरं मी लगेच लिहिली. मी चौकशी करते. तीन माणसांना विचारते, त्यांतल्या दोघांचं जुळलं तर वहीत उतरवते. तिसरा प्रश्न मात्र कोरा राहिला. बी.ए.ला विषय निवडायला मला अकरा दिवस लागले होते, तोवर इतिहासाच्या जागा भरून गेल्या. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच, त्यामुळे नोकरी कशी पक्की करतात हे घरात कुणाला विचारायची सोय नव्हती. ऑफिस बघून सोमवारपर्यंत सांगते, असं मी कंपनीला कळवलं. त्यांनी मान्य केलं.

अण्णा म्हणाले, मी येतो.

अण्णा माझे वडील. चोवीस वर्षं फौजेत ड्रायव्हर होते, त्यातली शेवटची सहा वर्षं दिल्ली कॅन्टात, म्हणजे तिथल्या लष्करी छावणीत. माझा जन्म तिथलाच. ते निवृत्त झाले आणि आम्ही गावी आलो, तेव्हा मी पहिलीतही गेले नव्हते. त्यांची पद्धत माझ्या अगदी उलट. रस्ता विचारणारा रस्ता शिकत नाही, असं ते म्हणतात. एकदा जायचं, वळणावरचं झाड बघून ठेवायचं आणि परत यायचं. एवढं केलं की तो रस्ता त्यांच्या पायाखालचा झाला. लग्नही त्यांनी एकदाच बघून ठरवलं. ‘मी म्हणजे वळणावरचं झाड,’ असं आई त्यावर म्हणते.

निघताना आई मला बाजूला घेऊन म्हणाली, त्यांच्याकडे लक्ष ठेव. मला वाटलं, रक्तदाबामुळे म्हणत असेल.

मिरजेहून निजामुद्दीनला थेट गाडी आहे. सोमवारी रात्री बसलो आणि बुधवारी सकाळी उतरलो. जाणार असाल तर खालचे बर्थ महिनाभर आधी काढा, आणि फेब्रुवारी असला तरी एक पांघरूण हाताशी असू द्या. शिदोरीला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती, ती दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत पुरली. कोट्याला अण्णा चहा आणायला उतरले आणि परत येताना शेजारच्या डब्यात चढले. गाडी हलल्यावर आतूनच चालत आले, दोन्ही कप तसेच हातात धरून. ‘सगळे डबे निळेच रंगवतात,’ म्हणाले. मी हसले. ते हसणं मला अजून आठवतं.

करोल बागेत एका गल्लीत लॉज घेतला. खोली लहान, पण गरम पाणी येतं आणि मेट्रो चालत पाच मिनिटांवर. कपड्यांच्या आणि दागिन्यांच्या दुकानांत अण्णांना रस नव्हता. ते मला गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात घेऊन गेले आणि एका दुकानापुढे थांबले. समोर क्लच प्लेटांची चळत होती. त्यांनी एक उचलली, कडेवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवली.

‘ये नई नहीं है, सरदारजी. रंग नया है.’

दुकानदारांनी चष्मा वर केला. आता भांडण होणार असं मला वाटलं. ते म्हणाले, ‘फौजी हो?’

‘ड्रायवर था.’

‘तो आगे जाकर बोलो यार, मेरी दुकान पे क्यों बोलते हो,’ असं म्हणत त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. मग अर्धा तास दोघांचं जुन्या तीन टनी ट्रकांवर बोलणं चाललं. कुठल्या वर्षीच्या गाडीचा गिअर कसा अडायचा हे अण्णा हाताने हवेत दाखवत होते आणि प्रत्येक भागाचं नाव त्यांच्या जिभेवर होतं. मी वहीत लिहिलं: अण्णांची स्मरणशक्ती अजब आहे.

संध्याकाळी ते पान आणायला खाली गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी उतरले, तर पुढच्या गल्लीत दुसऱ्याच एका लॉजच्या पायऱ्यांवर बसले होते. ‘सगळ्या पाट्या सारख्याच,’ म्हणाले. मलाही ते पटलं. करोल बागेत खरंच सगळ्या पाट्या सारख्या दिसतात.

गुरुवारी नोएडा. करोल बागेहून मेट्रो थेट जाते, गाडी बदलावी लागत नाही. यमुना ओलांडताना उजवीकडची खिडकी धरा. ही मेट्रो नोएडात पोहोचून काही महिनेच झाले होते. डब्यात लोक अजून दारं बंद होताना बघत उभे राहत. शेवटच्या स्टेशनावरून पुढे शेअर रिक्षा. तिथे गावांना नावं नाहीत, सेक्टरला आकडे आहेत आणि आत पुन्हा ब्लॉकला अक्षरं. अण्णा रस्ताभर सांगत होते की इथे मोहरीची शेतं होती, एकच पेट्रोल पंप होता, आणि पंपावरून डावीकडे वळलं की नदी. डावीकडे काचेच्या इमारती होत्या. उतरल्यावर ते चुकीच्या दिशेने चालू लागले. मी हाक मारली, तर रिक्षावाला म्हणाला, ‘रहने दो बहनजी. यहाँ तो मैं रोज़ भटकता हूँ.’

ऑफिस मला आवडलं, अगदी मनापासून आवडलं. खिडकीजवळ एक रिकामं टेबल होतं, ते माझं होणार होतं. तिथल्या मॅडमनी एक धडा दाखवला: पडद्यावर बी रुजतं आणि त्याला कोंब फुटतो. त्याखालचं मराठी वाक्य चुकलं होतं, ‘कोंब फुटली’ असं. मी सांगितलं, त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतलं. माझा एक शब्द किती वर्गांत पोहोचेल, ते मी मनात मोजू लागले. फॉर्मवरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून मॅडम म्हणाल्या, ‘बिल्कुल आराम से. मंडे तक.’ बाहेर अण्णा सोफ्यावर ताठ बसले होते. मुलगी बी.ए. फर्स्ट क्लास आहे, हे तोवर वॉचमनला तोंडपाठ झालं होतं.

त्या रात्री मी वहीत दोन रकाने पाडले. नोकरी घेण्याच्या बाजूला चौदा कारणं आली, न घेण्याच्या बाजूला दोन. तरीही मी तिसऱ्या प्रश्नाखाली काही लिहिलं नाही. मला अजून एका माणसाचं मत हवं होतं.

तो माणूस शुक्रवारी भेटणार होता. आमच्या गावचा दिलीप फौजेत नाईक आहे, सध्या बायको सुरेखावहिनीसह कॅन्टात राहतो. जेवायला बोलावलं होतं. करोल बागेहून रिक्षाने गेलो. क्वार्टरपाशी उतरवू दे, असं मी म्हटलं. अण्णांनी रिक्षा मोठ्या रस्त्यावरच थांबवली. इथून माझं मी नेतो, म्हणाले.

कॅन्टात शिरलं की दिल्ली संपते. मला लहानपणचं एवढंच आठवत होतं, खाली गेरू आणि वर चुना लावलेली झाडांची खोडं. ती जशीच्या तशी होती. पिवळ्या भिंतींचे क्वार्टर, हिरवी दारं, मैदानावर वाळत घातलेल्या वर्द्या. अण्णांची चाल बदलली, मला त्यांच्या मागून जवळजवळ पळावं लागत होतं. दोन वळणं, मग पिंपळ, मग पाण्याची टाकी, टाकीच्या मागे आपल्या क्वार्टरांची लाइन, असं ते मोठ्याने म्हणत होते. दोन वळणं आली. पिंपळ आला. टाकीही आली. तिच्यावरचा आकडासुद्धा तोच होता.

टाकीखाली अण्णा थांबले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग आलो त्या रस्त्याकडे पाहिलं. सायकलवरून एक तरुण जवान जात होता. रस्ता विचारणारा रस्ता शिकत नाही म्हणणाऱ्या माझ्या वडिलांनी हात करून त्याला थांबवलं.

‘भाईसाब, कैंट किधर पड़ेगा?’

त्याला ती थट्टा वाटली. ‘अंकलजी, कैंट में ही तो खड़े हो,’ असं म्हणून तो हसला. अण्णाही हसले, त्याच्याहून थोडा जास्त वेळ. तो गेल्यावर ते टाकीच्या कट्ट्यावर बसले. मी पाण्याची बाटली दिली. त्यांनी झाकण उघडलं, पण प्यायले नाहीत.

‘नोएडात चुकलो तर कुणीही चुकेल म्हणून चालून गेलं,’ ते म्हणाले. ‘इथं तर काहीच बदललेलं नाही, वैशू.’

मी विचारलं, कधीपासून?

‘दिवाळीपासून. मारुतीच्या देवळातून निघालो आणि घर सापडेना. तुझ्या आईला ठाऊक आहे. म्हटलं, तुला एकदा इथं आणून पोहोचवावं. रस्ता आहे तोवर.’

मला वाटत होतं की ते माझ्या सोबतीला आले होते. कोट्याचा डबा, लॉजच्या पायऱ्या, शेअर रिक्षा, सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं आणि प्रत्येक वेळी मी गाडीला, पाट्यांना, नाहीतर नोएडाला दोष देऊन मोकळी झाले होते. इतकी चौकशी करणारी मी, शेजारच्या माणसाला एक प्रश्न विचारला नव्हता.

दिलीपचा क्वार्टर टाकीच्या मागेच निघाला, शंभर पावलांवर. सुरेखावहिनींनी झुणका आणि बाजरीच्या भाकरी केल्या होत्या. अण्णा छान जेवले आणि त्यांनी आपल्या जुन्या साहेबांची नक्कल करून सगळ्यांना हसवलं. नोकरीबद्दल दिलीपचं मत मी विचारलंच नाही. वहिनींनीच विचारलं, मग यायचं ना दिल्लीला? मी पाणी प्यायले आणि भाकरी चांगली झाली आहे म्हटलं.

शनिवारी परतीची गाडी. तिकिटाच्या मागे अण्णांनी आमच्या डब्याचा आणि बर्थचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून खिशात ठेवला. प्रत्येक स्टेशनावर मी त्यांच्यासोबत उतरले. त्यांना ते कळत होतं. त्यांनी एकदाही नको म्हटलं नाही.

सोमवारी पहाटे घरी पोहोचलो. दहा वाजता मी मॅडमना फोन करून नाही म्हणाले. वही उघडली नाही, रकाने पाहिले नाहीत, आईलासुद्धा विचारलं नाही. एकदा पाहिलं होतं, तेवढं पुरलं. फोन ठेवल्यावर न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. ते खिडकीजवळचं टेबल माझं झालं असतं. बरोबर केलं की चूक, ते मला अजून कळलेलं नाही, आणि ते कुणाला विचारूनही उपयोग नाही. फॉर्म वहीतच राहिला. आता तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला लिहिता येईल, पण तो पाठवायची जागा उरलेली नाही.

पुढच्या आठवड्यात मिरजेच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. सध्या मी गावच्या शाळेत तासांवर शिकवते. रोज सकाळी अण्णांना घेऊन घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत जाते आणि परत येते. वळणावर कडुलिंब आहे, तिथे थांबून आम्ही दोघं त्याच्याकडे नीट बघतो.

नोकरीचं मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं होतं. ते खूप चिडले, दोन दिवस बोलले नाहीत. मग ते विसरले. आता आठ-पंधरा दिवसांनी कडुलिंबाखाली कधीतरी विचारतात, ‘नोएडाला कधी हजर व्हायचंय?’

मी म्हणते, पुढच्या सोमवारी.

‘बरं,’ अण्णा म्हणतात, ‘मी येतो सोडायला. रस्ता माझ्या पायाखालचा आहे.’