शत्रूच्या बाजूचा मेजर

डोंगरातल्या नारीन गावच्या लष्करी छावणीत मेजर असानकुल तोरोएव यांना सगळे ‘शत्रू’ म्हणत. त्यांची बायको बुरुलचा हीसुद्धा. सरावाची योजना ठरताना बाकीचे अधिकारी आपली बाजू मांडत आणि असानकुल नकाशापलीकडे बसून शत्रूच्या डोक्याने विचार करत. त्यांचं कामच ते. मी शेजारच्या टेबलावर बिनतारी संदेशांचं काम पाहायचो.

त्या वसंतात शामुरात नावाचे नवे कर्नल आले. सगळी पलटण नदीवरच्या लाकडी पुलावरून खिंडीकडे न्यायची, असा त्यांचा बेत.

"बोला शत्रू, कुठे अडवणार आम्हाला?"

"कुठेच नाही. मी चहा पीत बसेन."

हशा पिकला. कर्नल हसले नाहीत.

"बर्फ वितळतंय, साहेब. नदीच पूल बंद करेल. माणसं पलीकडे, त्यांचे नान गाड्यांत अलीकडे. मी गोळी कशाला वाया घालवू?"

"तुम्ही सैनिक आहात की हवामान खातं?"

"दोन्ही. शिवाय अर्धा गुराखी. याच खोऱ्यात वाढलोय."

"म्हणजे निघण्याआधीच हरवताय मला!"

"इथे नकाशावर हरलात तर कुणाच्या आईला पत्र धाडावं लागत नाही, साहेब."

कर्नल ताडकन उठून बाहेर गेले. असानकुलची बदली आता ठरलेलीच, असं आम्ही धरून चाललो. असानकुल मात्र निवांत पेन्सिलीला टोक काढत बसले. थोड्या वेळाने कर्नल परत आले, खुर्ची ओढून असानकुलना खेटून बसले आणि म्हणाले, "आता इथून दाखवा."

दोघं संध्याकाळपर्यंत भांडत होते. शेवटी निम्मी पलटण वरच्या दगडी पुलाने, लांबच्या वाटेने न्यायची आणि स्वयंपाकाच्या गाड्या सगळ्यात पुढे ठेवायच्या, असं ठरलं.

सरावात पाणी चढलंच. लाकडी पुलावरून ओंडके वाहू लागले. बिनतारीवर कर्नलचा आवाज आला, "शत्रूला सांगा, पूल पडलेला नाही!"

"मग त्यावरून जाऊन दाखवा म्हणावं," असानकुल म्हणाले.

लांबच्या वाटेची तुकडी उशिरा पोचली, पण गाड्या आधीच पुढे गेल्याने सगळे जेवलेले होते. कौतुक कर्नलचं झालं. बुरुलचा फणफणली, "आणि तुमचं नाव कुठाय?"

"अगं, योजनेवर सही त्यांची. फसलं असतं तर शिव्याही त्यांनीच खाल्ल्या असत्या. माझं काम झालं."

त्याच शरदात कर्नलनीच त्यांची शिफारस केली आणि नव्या अधिकाऱ्यांना शिकवायला त्यांना राजधानीत, बिश्केकला बोलावलं गेलं. ते छाती काढून निघाले. आपली घोडी तेवढी खोऱ्यातल्या भावाच्या हवाली करताना त्यांचे डोळे भरून आले.